उभ्या गाडीचं गणित

वजन गुणिले अंतर गुणिले एक ठरलेला आकडा.
सूत्र एवढंच.
ते वहीत घेऊन वाकेशो मलाबाचा पूल ओलांडून गेली
तेव्हा उजाडायचं होतं,
आणि युगांडाच्या बाजूला ट्रकांची रांग.
शेपूट कुठे, ते रांगेतल्यांनाही ठाऊक नव्हतं.

काम साधं होतं.
सरोवरातला मासा जिंजाहून निघतो, गोठवलेला,
मोम्बासाला जहाजात चढतो,
कुठल्याशा थंड शहरात पाकिटातून बाहेर येतो.
त्या पाकिटावर आता एक हिरवं पान छापायचंय,
पानाखाली आकडा :
या माशाने येता येता किती धूर सोडला.
माशाने!

ओमोडिंग परवापासून इथेच.
आरशाला टूथब्रश टांगलेला,
स्टिअरिंगवर वाळत घातलेला बनियन.
"मागचं यंत्र जरा बंद का करत नाही?"
"आत उणे अठरा लागतं, दादा."
(इकडे थोरल्या बहिणीला दादाच म्हणतात.)
"मासा मऊ पडला की पगार कापतात."

तिने मांडलं.
वजन : अठ्ठावीस टन.
अंतर, गेल्या बावन्न तासांत :
शून्य.
शून्याने कधी कुणाची भीड ठेवलीय?
अठ्ठावीस टन, बावन्न तास, टाकीत आटत गेलेलं डिझेल,
सगळं गिळून ते तसंच बसलं,
ढेकरही न देता.

रस्त्याकडेला आसेकेन्येची चहाची टपरी.
तिच्याकडे सूत्र नाही, चादर आहे.
सकाळी धुऊन दोरीवर घातली की
संध्याकाळी ती जेवढी काळी, तेवढी त्या दिवशीची रांग.
"ही मंगळवारची," तिने दाखवली,
"दोनदा घासली, तरी गेली नाही.
आणि ही, कस्टमचा संगणक बंद पडला त्या दिवशीची."
धाकट्याचा खोकला ती मोजत नाही.
म्हणाली, तो मोजायचा तर रात्रभर जागावं लागतं,
मग पहाटे चहा कोण उकळणार?

तेव्हा कुठे वाकेशोच्या ध्यानात आलं
की आपलीच जीप पलीकडे घरघरतेय.
मॅडम घामेजून येतील, म्हणून ड्रायव्हरने एसी चालू ठेवलेला.
ती चालत गेली, किल्ली फिरवली.
ऐकू येण्यासारखा काही फरक पडला नाही.

रात्री तोरोरोच्या लॉजवर छापील तक्ता उघडला.
वजन, अंतर, इंधनाचा प्रकार,
परतीची फेरी भरलेली की रिकामी.
थांबण्याला रकाना नव्हता.
मोजपट्टीही नव्हती.
किल्लीच्या कडेने तिने एक ओढला, जरा तिरका आला.

नैरोबीहून निरोप :
रकाना चांगला आहे, पण ग्राहकाने मागितलेला नाही.
शिवाय एवढासा धूर
अख्ख्या प्रवासाच्या पासंगालाही पुरत नाही.
खोटं नव्हतं ते.
भागाकार तिने स्वतः दोनदा करून पाहिला होता.
समुद्र मोठा, जहाज मोठं,
तिकडचा धूर सगळ्या जगात वाटला जातो.
इथला एका दोरीवर पडतो.

अहवाल गेला. पान छापलं जाईल.
शेवटच्या पानाला तिने एक लिफाफा टाचलाय,
आत मंगळवारच्या चादरीची वीतभर पट्टी.
आसेकेन्येने दातांनी फाडून दिली,
पैसे फक्त चहाचे घेतले.
शेजारी कुणीतरी पेन्सिलीने विचारलंय :
एकक?

ओमोडिंग चौथ्या दिवशी दुपारी सुटला, असं नंतर कळलं.
तो हलला तसा मागचा ट्रक
त्याच्या जागेवर येऊन उभा राहिला.
अंतर, अठरा मीटर.
तेवढं सूत्रात बसतं.